सुपारीएवढे सहा रोलर

"हात नाही लावायचा! कोणीच हात नाही लावायचा स्कूटरले!"

कुमुदताई, बाबा ओरडत होते, आणि तेसुद्धा तुझ्या मागच्या सीटवर बसल्या बसल्या, मिटलेली छत्री भाल्यासारखी उगारून. अजनीच्या रेल्वेपुलाच्या चढावर, बरोबर मध्यात, तुझी स्कूटर अडकली होती. इंजिन किंचाळत होतं आणि चाक ढिम्म. दोन्ही ब्रेक आवळून तुझी बोटं पांढरी पडली होती. ब्रेक जरा सुटला की स्कूटर इंचभर मागे, आणि मागे ट्रक. त्या ट्रकच्या मागे दुसरा ट्रक, त्याच्या मागे एसटी, आणि एसटीच्या मागे पार वर्ध्यापर्यंत रांग.

थांब, माहीत आहे तू काय म्हणशील. "इलाश्या, त्यातलं एक शून्य काढ." बरं, काढलं. रांग पुलाच्या पायथ्यापर्यंत होती. पण हॉर्न वर्ध्याला ऐकू जात होते, हे मी मागे घेणार नाही.

परवा तुझी तेरवी झाली. लोक आले, चांगलं बोलले. गणिताच्या बाई कडक होत्या, मनानं मऊ होत्या, पायाचं कधी भांडवल केलं नाही वगैरे. पुलाबद्दल कोणी काढलं नाही. काढणार कोण? तिथे आपल्या घरचे तिघंच होतो. बाबा केव्हाच गेले, आता तू गेलीस, आणि राहिलो मी, ज्यानं वेळ सांगितली तरी लोक स्वतःचं घड्याळ पाहून घेतात. म्हणून हे तुलाच सांगतो. चुकलं तर टोक. टोकणार नाहीस, हेच तर पचत नाही आहे.

ट्रकवाला खाली उतरून आला होता. "ओ बाबूजी, नीचे उतर जाओ ना! गाड़ी हल्की हो जाएगी!"

"नहीं उतरूंगा!"

"तो धक्का मार देते हैं, दो मिनट का काम है!"

"हात लगाया तो छत्री मारूंगा तेरेको!"

ट्रकवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सायकल हातात धरून बाजूला उभा होतो. म्हातारा वेडा आहे का, असं त्यानं डोळ्यांनीच विचारलं. काय सांगणार होतो मी त्याला? की दसऱ्याच्या भर दुपारी, भर पुलावर, आपल्या घरात एक परीक्षा चालू आहे, आणि मागे बसलाय तो परीक्षक आहे?

तुला कळमेश्वरच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हायचं होतं. तोवर तुझी शाळा काय, कॉलेज काय, सगळं बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर झालेलं. लोखंडी पट्ट्यांच्या बुटातला तुझा तो पाय एका बाजूला ताठ, आणि बाबा पॅडल मारतायत, ऊन असो की पाऊस. त्यांचे गुडघे त्यातच गेले. नोकरीचं कळलं तेव्हा मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावानं, त्यांच्या अंगणात सगळ्यांसमोर निकाल दिला, "पोट्टी रस्त्यात अडकली तं कोण जाईन आणायले? राहू दे नोकरी. घरी शिकवण्या कर म्हणा." मोठेबाबांचा शब्द आपल्याकडे कोणी ओलांडत नव्हतं. बाबाही त्यांच्यासमोर मान खाली घालून बसायचे.

त्या दिवशीही तसेच बसले. फक्त घरी येऊन तुला म्हणाले, "दसऱ्याले मले मागं बसवून मोठेबाबाच्या घरी सोनं द्यायले ने. पुलावरून. कोणाचा हात लागला नाही पायजे. नेलं, तं नोकरी. नाही नेलं, तं विषय बंद."

बिनगिअरच्या स्कूटरी तेव्हा नागपुरात नव्या होत्या. व्हरायटी चौकात एखादी उभी दिसली की लोक घोळका करून पाहायचे, क्लच कुठाय म्हणून. तू ती घेतलीस, कारण तुझा पाय गिअर-क्लचच्या भानगडीत पडू शकत नव्हता. कळमेश्वरला एका कारखान्यातल्या फिटरकडून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी सांगाडा आणि दोन छोटी चाकं बसवून घेतलीस. दिसायला ती स्कूटर कमी आणि पोळ्याचा बैल जास्त दिसायची, सगळीकडून काहीतरी लटकलेलं. सपाटीवर बरी पळायची. पण चढ आला की दम कोंडायचा. इंजिन घुं घुं करत मरायचं. आणि तू एकटी असताना ही तऱ्हा. मागे बाबा बसणार होते, आणि बाबा म्हणजे सरकीची तीन पोती. (शून्य नाही यात, ताई. फार तर अर्धं पोतं कमी कर.)

तेव्हा तू ते डाव्या बाजूचं झाकण उघडलंस आणि मला अंगणात बसवून शिकवलंस. आत एक वाटी, वाटीत सहा खाचा, खाचांत सुपारीएवढे सहा रोलर. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, ते चकतीला ढकलतात, चकती पट्ट्याला वर चढवते. पट्टा वर चढला की गाडी पळते. खाली राहिला की गाडी ओढते.

"म्हणजे पाह्य," तू म्हणालीस, "चढावर लहान लहान पावलं टाकाव लागते. हे रोलर भारी आहेत, म्हणून ते लवकरच बाहेर पडते अन् गाडीले मोठं पाऊल टाकायले लावते. मंग दम जाते. रोलर हलके करू. पण किती हलके, हेच तं गणित आहे."

"सगळं कोरून टाकू ना मंग! एकदम पोकळ!"

"अन् सपाटीवर काय करू? ओरडत ओरडत जाऊ, बैलगाडीच्या मागं? शाळेची घंटा वाजून जाईन."

आपला तो वाद तिथून सुरू झाला. मी ओढीच्या बाजूचा, तू ओढ आणि पळ दोन्ही पाहिजेवाली. लेथवाल्यानं पहिल्यांदा रोलर कोरून दिले ते माझं ऐकून. सेमिनरी हिल्सच्या चढावर आपण गेलो, बाबांच्या वजनाला मी आणि माझ्या मांडीवर सरकीचं एक पोतं. गाडी चढली! मी पोत्यासकट नाचलो. आणि उताराखाली सपाट रस्त्यावर आलो, तर काय, इंजिन गिरणीच्या भोंग्यासारखं ओरडतंय आणि एक म्हातारा सायकलवरून आपल्याला मागे टाकून "काय झालं, बाई?" असं विचारून गेला. त्या म्हाताऱ्याचं तोंड अजून विसरलो नाही मी. तू हसता हसता रडकुंडीला आली होतीस.

मग नवे रोलर, पुन्हा लेथ. थोडं थोडं कोरायचं, बसवायचं, चढ चढायचा, सपाटीवर पळवायचं, पुन्हा झाकण उघडायचं. आणि सहाही सारख्या वजनाचे हवेत, नाही तर आत खडखड. तेवढं बारीक वजन करणार कुठे? तू मला घेऊन इतवारीत सराफाकडे गेलीस. त्याचा तो काचेच्या पेटीतला काटा. सराफानं लाल मखमलीवर तो काळपट रोलर ठेवला, निरखून पाहिला आणि विचारलं, "बाई, हा दागिना कुठल्या गावचा?"

"हुंडा आहे," तू म्हणालीस. "सासर कळमेश्वरले आहे."

त्यानं गंभीरपणे सहाही तोलून दिले. अजूनही तो दुकानात सांगत असेल, एका पोरीनं हुंड्यात लोखंड दिलं म्हणून.

चढावर तू काय ऐकायचीस ते मला फार उशिरा समजलं. रोलर बरोबर जमले की इंजिनचा सूर एकाच जागी राहतो आणि गाडी मात्र वेग घेत जाते. सूर खाली गेला तर रोलर भारी, उगाच वर चढला तर हलके. शेवटच्या दिवशी तू मान तिरपी करून ऐकलंस, आणि माझ्या हातावर टाळी दिलीस. मी तरी म्हणालोच, अजून कणभर हलके कर. तू म्हणालीस, नाही. तेवढा कण राहिला आपल्यात, आजपर्यंत.

मग दसरा. सकाळी पूजेला तू सुटे केलेले रोलर, वाटी, चकत्या सगळं पितळेच्या ताटात आईसमोर ठेवलंस. हत्यारांची पूजा होते तशी. आईनं हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. तू एकेक रोलर कोरड्या फडक्यानं नीट पुसलास, वाटीत बसवलास आणि हात धुवायला मोरीवर गेलीस. तेवढ्यात आईला वाटलं, नवं यंत्र आहे, कोरडं कसं धाडायचं? पूजेत उरलेलं हळद कालवलेलं तिळाचं तेल तिनं पळीभर त्या खाचांत सोडलं. सुरळीत चालावं म्हणून. कोणाला सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काय आहे असं तिला वाटलं. तू घाईत येऊन, आत न पाहताच चकती बसवलीस, झाकण लावलंस, आणि आपण निघालो. तू, बाबा, पुढच्या डिकीत आपट्याची पानं, आणि मागून सायकलवर मी.

त्या यंत्रात तेल म्हणजे विष. पट्टा कोरडाच पकडतो. सपाटीवर काही जाणवलं नाही. गाडी तापली, तेल पातळ होऊन फेकलं गेलं, पट्ट्यावर आलं, आणि बरोबर पुलाच्या चढावर पट्ट्यानं पकड सोडली. आत सगळं फिरतंय, बाहेर काही नाही.

तर आपण तिथे होतो. दीक्षाभूमीकडे निघालेली माणसं पुलावरून चालली होती, पांढरे कपडे, डोक्यावर बोचकी, मुलं खांद्यावर. तीही थांबून पाहू लागली. तू इंजिन बंद केलंस. मला वाटलं, संपलं. तुझा चेहरा मी समोरून पाहिला, ताई, आणि सायकल टाकून धावलो.

"इलाश्या! मांगं हो!" बाबा.

"बाबा, ढकलत नाही गा, झाकण उघडतो फक्त!"

"काहून? कळमेश्वरच्या रस्त्यावर तू राहशीन का?"

मी तिथेच खिळलो. आणि तू, बाबांकडे मान न वळवता, शांतपणे म्हणालीस, "ब्रेक सोडू कसा, बाबा? उतरू कशी मी?"

हॉर्न थांबले नव्हते. त्या गर्दीतून एक बाई पुढे आली, पांढऱ्या लुगड्याची, आईच्याच वयाची. तिनं पुलाच्या कडेचा एक मोठा दगड उचलून आणला, मागच्या चाकाशी वाकली आणि बाबांना म्हणाली, "हात नाही लावत, बावा. दगड लावतो. चालते का?"

बाबांनी विचार केला. मागे एवढी दुनिया खोळंबली होती आणि हा माणूस खरोखर विचार करत होता! मग म्हणाले, "दगड चालते. दगड कोणत्याही रस्त्यावर भेटते."

बाईनं दगड सरकवला. तू एक ब्रेक सोडलास, मग दुसरा. दगडानं धरलं. तू तो पट्ट्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलास, हँडल धरून वळलीस आणि त्या तापलेल्या डांबरावर, नव्या हिरव्या साडीत, फतकल मारून बसलीस. डिकीतला पाना तुझा तूच घेतलास. मी माझा नवा शर्ट काढून पुढे केला, पुसायला. "कळमेश्वरच्या रस्त्यावर तुहा शर्ट राहीन का?" हे या वेळी बाबा नाही, तू म्हणालीस.

झाकण निघालं. आतून ते पिवळंधमक झालं होतं, कोणीतरी हळदीचा मुठीनं सडा मारावा तसं. तू बोट लावलंस, हुंगलंस. "हळद," म्हणालीस. मग आणखी हुंगलंस. "तेल." एवढंच. आईचं नाव तोंडातून काढलं नाहीस. टाकीची नळी काढून, सगळं जरा निवेपर्यंत थांबून, पेट्रोलचे थेंब पदरावर घेतलेस आणि पट्टा पुसायला लागलीस. इंच इंच. मग चकती. मग रोलर, एकेक, सहाही. खाचा पदराच्या टोकानं कोरून कोरून. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवणं केव्हा बंद केलं ते कळलं नाही. तो उकिडवा बसून पाहत होता.

मी आयुष्यात एवढा वेळ गप्प कधी उभा राहिलो नाही. पुढेही नाही.

बाबा अजून सीटवरच. सरकीची ती पोती तसूभर हलली नाहीत. आधी मला त्यांचा राग आला, एवढा की छत्री हिसकून घ्यावी. माणसानं खाली तरी उतरावं! आणि मग माझ्या बधिर डोक्यात शिरलं. ते उतरले असते तर परीक्षा तिथेच मोडली असती. तू नापास. विषय बंद. दुखरे गुडघे मुडपून, लोकांच्या शिव्या खात तो माणूस परीक्षा चालू ठेवत होता. मी पाहत असतानाच त्यांनी छत्री उघडली, एका बाजूला वाकले आणि तुझ्या डोक्यावर धरली. ऊन फार होतं. तू वर पाहिलं नाहीस. हातात रोलर होता.

झाकण बसलं. त्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाईनं तुला उठायला हात दिला. तेवढं बाबांनी पाहिलं नाही. पाहिलं नाही असं केलं. तू बसलीस, बटण दाबलंस. इंजिन लागलं. अॅक्सिलरेटर वळवलास, पट्टा चिर्र करून किंचाळला, जळका वास आला, चाक सरकलं आणि पुन्हा सुटलं. गर्दीतून "अगा मायवं" असा आवाज आला. तू मान तिरपी केलीस. ऐकत होतीस. थोडं सोडलंस, पुन्हा हळूच भरलंस. पुन्हा चिर्र. आणि मग तो सूर लागला. एका जागी ठरलेला. दगड मागे राहिला, ताई. स्कूटर हललीच. गोगलगाय परवडली असती, पण हलली, वीतभर, हातभर, आणि सूर तिथेच, आणि वेग वाढतोय.

मी सायकल घेऊन मागे धावलो. मला वर काय झालं ते दिसलं नाही. दिसली ती फक्त बाबांची उघडी छत्री, पुलाच्या माथ्यावरून पलीकडे उतरत जाणारी. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, या वेळी निराळा.

रात्री आई सगळ्यांना आनंदानं सांगत होती, "म्या आत पळीभर तेल सोडलं होतं ना, म्हणूनच चढली!" मी तोंड उघडलं, आणि तू ताटाआडून मला असा चिमटा काढलास की वळ उठला. "होय वं आई," तू म्हणालीस. "तुह्या तेलानंच चढली." ती जाईपर्यंत हेच समजून होती. एवढ्या सरळ बाईनं एवढं मोठं खोटं एवढ्या सहज बोललेलं मी पाहिलं, आणि मला माझ्या थापांच्या धंद्याची लाज वाटली.

मग तू कळमेश्वरला वर्षानुवर्षं गेलीस. थंडीत मफलर गुंडाळून, उन्हात ओला रुमाल बांधून. किती पोरं तुझ्या हातून गणितात पास झाली ते तुलाच माहीत. मी आपला लग्नाकार्यात पुलाची गोष्ट सांगत राहिलो, दरवेळी पूल थोडा उंच करून. तू बसल्या जागेवरून "शून्य काढ" म्हणायचीस आणि लोक हसायचे.

एक गोष्ट मात्र तू मला कधी सांगितली नाहीस. तुझ्या हँडलला डाव्या बाजूला गोल आरसा होता. चढताना, त्या शेवटच्या सुराच्या वेळी, त्यात तुला बाबांचं तोंड दिसत होतं. मला फक्त पाठ आणि छत्री. किती वेळा विचारलं, काय होतं वं त्यांच्या तोंडावर? दरवेळी तू म्हणायचीस, "चष्मा." आणि विषय बदलायचीस. दवाखान्यातही मी विचारणार होतो. पण तिथे तू झोपलेली होतीस, आणि जागी असायचीस तेव्हा मला काहीतरी फेकाफेक करून तुला हसवायचं असायचं. राहून गेलं.

ताई, तू मला चढ कसा चढायचा ते शिकवलंस. मी ते कधी वापरलं नाही, माझी सगळी जिंदगी सपाटीवर गेली. पण त्या अंगणात बसून कोणीतरी मला शहाणा समजून काहीतरी समजावत होतं, हे पुरलं मला.

मोठेबाबांच्या अंगणात आपण पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळे भाऊबंद सोनं देऊन घेऊन बसले होते. तू स्कूटर थेट अंगणात घेतलीस. तुझा पदर काळा आणि पिवळा, हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर ग्रीसचा पट्टा. मी घामानं निथळत मागून. मोठेबाबांनी खाटेवरून तुला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग ते बाबांकडे वळले.

"काहून गा, एवढा उशीर? अडकली होती ना पोट्टीची गाडी?"

बाबा सीटवरून सावकाश उतरले. छत्री मिटली. आपट्याचं पान मोठेबाबांच्या हातावर ठेवलं, वाकून पाया पडले, आणि उठता उठता म्हणाले,

"नाही. पुलावर गर्दी होती."